मानसशास्त्राचं एम.ए. आणि एका पानाचा फॉर्म

गेल्या आठवड्यात एम.ए.चं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट हातात आलं. कराडजवळच्या आमच्या गावातून मानसशास्त्रात एम.ए. करणारी मी पहिलीच, त्यामुळे मला विचारायला कोणी नव्हतं. आता मात्र दर दोन-चार दिवसांनी कोणाच्या तरी मावसबहिणीचा फोन येतो, "ताई, बी.ए.ला सायकॉलॉजी घेतलंय, क्लिनिकल घेऊ का काउन्सेलिंग?" अर्ध्या तासाच्या फोनवर हे सांगून होत नाही. म्हणून जे जसं घडलं तसं लिहून काढते आहे. रकमा आणि तारखा माझ्या वहीतल्या आहेत. तुमच्या कॉलेजात आकडे वेगळे असतील, रांगा बहुतेक त्याच असतील.

बारावीचा निकाल लागला जुलै २०२० मध्ये, करोनाच्या ऐन धामधुमीत. शिवाजी विद्यापीठाच्या एका कॉलेजात बी.ए. भाग एकला प्रवेश घेतला. मराठी आणि इतिहासाच्या जोडीला तिसरा विषय हवा होता, भूगोलाच्या जागा भरल्या होत्या, म्हणून मानसशास्त्र. वर्ग ऑनलाइन आणि घरात स्मार्टफोन एकच, तो पप्पांचा. पप्पा एसटीत चालक. ते ड्यूटीवर गेले की फोनही जायचा, त्यामुळे तासांचं रेकॉर्डिंग मी रात्री दहानंतर ऐकायचे.

दुसऱ्या वर्षी एसटीचा संप झाला. नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत घरात पगार नाही. पप्पा दिवसभर ओसरीवर बसून असायचे आणि रात्री झोपायचे नाहीत. एका पहाटे मी पाणी प्यायला उठले तर ते जागेच होते. म्हणाले, "गाडी बंद केलीय, पण इंजिन चालूच ऱ्हातंय बघ डोक्यात." त्याच महिन्यात आम्हाला ताण हे प्रकरण शिकवत होते. हान्स सेली यांचे तीन टप्पे मी पाठ केले होते: धोक्याची सूचना, प्रतिकार, थकवा. पप्पांचं वाक्य त्यातल्या कुठल्या टप्प्यात बसतं ते मला सांगता येईना, आणि त्यांना उत्तर काय द्यावं तेही सुचेना. मी शेजारी बसून राहिले, एवढंच. भाग तीनला मानसशास्त्र स्पेशल घेतलं त्यामागे ही पहाट आहे.

तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिकं मला मनापासून आवडली. दोघादोघांच्या जोड्या, एक प्रयोगकर्ता आणि एक प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो. आरशात बघून ताऱ्याच्या दुहेरी रेघांमधून पेन्सिल फिरवायची, हात उलटाच जातो, आणि आठव्या-दहाव्या प्रयत्नाला चुका कमी व्हायला लागतात. शिकणं म्हणजे काय ते मला पुस्तकापेक्षा त्या कागदावर जास्त दिसलं. जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही, मात्र दर आठवड्याला तपासून सही घ्या. माझ्या चार मैत्रिणींनी ते मार्चपर्यंत साठवलं आणि परीक्षेच्या तोंडावर सहीसाठी तीन दिवस घालवले.

जुलै २०२३ ला बी.ए.चा निकाल लागला, ६८ टक्के. पुण्यात एम.ए. करायचं ठरवलं आणि इथून कागदांचा प्रवास सुरू झाला. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर कॉलेजचा टीसी, मूळ विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणि नव्या विद्यापीठाचा इलिजिबिलिटी फॉर्म हे तिन्ही लागतात. टीसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला आणि मायग्रेशन म्हणजे विद्यापीठ सोडल्याचा, हा पहिल्या दोघांतला फरकच मला माहीत नव्हता. पुणे विद्यापीठाशी संलग्न एका कॉलेजच्या दुसऱ्या मेरिट लिस्टमध्ये नाव लागलं आणि ऑफिसच्या खिडकीवर सांगितलं, मायग्रेशन आणा. कोल्हापूरला अर्ज केला, १९ दिवसांनी ते आलं. तोवर हमीपत्र लिहून तात्पुरता प्रवेश मिळाला. हमीपत्राचा पर्याय खिडकीवर कोणी आपणहून सांगितला नव्हता. रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या, नांदेडहून आलेल्या एका मुलाने सांगितला. निकाल लागल्या दिवशीच मायग्रेशनसाठी अर्ज करून टाका, प्रवेश कुठे मिळतो याची वाट बघू नका. आणि मूळ प्रत जमा करण्यापूर्वी तिच्या पाच झेरॉक्स काढा.

पहिल्या वर्षाची फी १३,२०० रुपये. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर महिना ३,८००, मेस २,९००. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, रेशन कार्ड आणि मागच्या वर्षाची गुणपत्रिका लागली. सगळं अपलोड झालं, कॉलेजकडून मंजुरी झाली, पैसे मात्र येईनात. चार महिन्यांनी कळलं की माझं खातं आधारला जोडलेलं होतं, पण थेट रक्कम जमा होण्यासाठी जे वेगळं आधार सीडिंग लागतं ते झालेलं नव्हतं. बँकेत एक पानाचा फॉर्म, दोन दिवसांचं काम. अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन हा एकच प्रश्न विचारा: "माझं खातं डीबीटीसाठी सीडेड आहे का?"

आमची तुकडी नव्या शैक्षणिक धोरणाची एम.ए.ची पहिली तुकडी होती. दोन वर्षांत ८८ क्रेडिट, दर सत्राला २२. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंग, तिसऱ्या-चौथ्यात संशोधन प्रकल्प. वर्गात शिकवणं सगळं इंग्रजीत. बी.ए.ला मी अवबोध, अवधान, अभिसंधान, प्रबलन असे शब्द शिकून आले होते आणि इथे बाई 'रिइन्फोर्समेंट' म्हणाल्या की माझ्या डोक्यात दोन सेकंद अंधार. पहिले दीड महिने मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. मग एक लांबट वही केली, डावीकडे इंग्रजी शब्द, मधे मराठी, उजवीकडे घरचं उदाहरण. भाषा संचालनालयाचा मानसशास्त्र परिभाषा कोश त्यासाठी फार उपयोगी पडला. दिवाळीपर्यंत वहीत ४०० च्या वर शब्द झाले. मराठी माध्यमातून येणाऱ्या प्रत्येकीला मी ही वही करायला सांगते.

संख्याशास्त्राचं भय मात्र मला वाटलं होतं तेवढं खरं ठरलं नाही. बाईंनी पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या ३२ जणांची झोपेची आकडेवारी फळ्यावर लिहून त्यावरच मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध करून घेतले. आपलीच झोप फळ्यावर आहे म्हटल्यावर सूत्र परकं वाटत नाही. एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर विकत घेणं आम्हाला शक्य नव्हतं. जॅमोव्ही हे मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं आणि एम.ए.च्या प्रकल्पाला ते पुरतं.

आता मुख्य विषयाकडे येते. आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला तीन वाटा होत्या: क्लिनिकल (मानसिक आजारांचं निदान आणि उपचार), समुपदेशन म्हणजे काउन्सेलिंग (अडचणीतल्या माणसाशी बोलून त्याला आधार देणं), आणि औद्योगिक व संघटनात्मक (कामाच्या ठिकाणचं). पहिल्या दिवशी ओळख करून देताना ३२ पैकी २४ जणांनी क्लिनिकल सांगितलं. मीही सांगितलं. का, असं कोणी विचारलं असतं तर मला धड उत्तर देता आलं नसतं. क्लिनिकल म्हणजे वरचं आणि बाकीचं ज्यांना ते मिळालं नाही त्यांचं, असं वातावरणातच होतं. हे वातावरण चुकीचं आहे असं माझं आजचं स्पष्ट मत आहे. त्याच्यामुळे दरवर्षी किती मुलं स्वतःला न विचारता फॉर्म भरतात ते मी पाहिलं आहे.

शिवाय क्लिनिकलचं एम.ए. केलं म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येतं, असं आमच्यातल्या निम्म्यांना वाटत होतं. तसं नाही. हे नाव लावून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने आली. आमच्या वेळेपर्यंत तिचा रुळलेला मार्ग होता एम.ए.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही आरसीआयची मान्यता असलेल्या संस्थेतच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याही याच पात्रतेवर उभी आहे. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने ही गोष्ट माहीत नसताना शनिवार-रविवारचा एक 'क्लिनिकल डिप्लोमा' ४५,००० रुपये भरून केला. प्रमाणपत्र सुंदर छापलेलं आहे. त्यावर नोंदणी होत नाही. कुठल्याही कोर्सला पैसे भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव, कोर्सचं नाव आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, या तिन्ही गोष्टी स्वतः बघा. माहितीपत्रकावर विसंबू नका.

डिसेंबर २०२३ च्या शेवटी आमच्या व्हॉट्सअॅप गटावर बातमी आली की यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एम.फिल.ला मान्यता नसल्याचं जाहीर केलं आहे, प्रवेश घेऊ नका. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांतच एम.फिल. बंद झालं होतं, आता विद्यार्थ्यांना उद्देशून सूचना निघाली होती. त्या रात्री गटावर दीड वाजेपर्यंत मेसेज चालू होते. एक मुलगा लिहीत होता, मग आपण दोन वर्षं कशासाठी घालवतोय? मी थंडीच्या सुट्टीत गावी होते. आई म्हणाली, "सकाळी बघू, सरकारचं कागद दुसऱ्या दिवशी बदलतंय." आणि जानेवारी २०२४ मध्ये खुलासा आला: क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांच्या एम.फिल.ची वैधता २०२५-२६ पर्यंत राहील. पुढे आरसीआयने दोन वर्षांचं एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि चार वर्षांचं सायडी (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) हे नवे मार्ग आणले. म्हणजे आज बी.ए.ला असलेल्यांनी आमच्या पिढीचा रस्ता नकाशा म्हणून धरू नये. तुम्ही ज्या वर्षी बाहेर पडाल त्या वर्षीचा नियम बघा. ते तीन आठवडे मला फार जड गेले, पण त्यातून एक प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला. एम.फिल. मिळालंच नाही, तर मला कोणतं काम करायचं आहे?

उत्तर मिळालं ते दुसऱ्या सत्राच्या ऑन जॉब ट्रेनिंगमध्ये. चार क्रेडिट म्हणजे १२० तास, आणि जागा आपली आपण शोधायची. मी अकरा ठिकाणी ईमेल केले. उत्तरं आली दोन. एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात कॉलेजचं पत्र, ओळखपत्र आणि गोपनीयतेचं हमीपत्र दिल्यावर फेब्रुवारीपासून परवानगी मिळाली. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी नऊ ते एक. विद्यार्थ्यांनी फक्त बघायचं, नोंदी करायच्या, चाचण्यांचं साहित्य मांडून द्यायचं. स्वतः चाचणी घ्यायची नाही.

मंगळवार अपंगत्वाच्या दाखल्यांचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असेल तर बऱ्याच योजना आणि आरक्षण मिळतं, त्यामुळे पहाटेपासून लोक आलेले असत. एका मंगळवारी पुरंदरकडून एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. मुलगा नऊ वर्षांचा, शर्टाची वरची दोन बटणं उलटसुलट. त्याच्यासमोर सेग्विन फॉर्म बोर्ड ठेवला: लाकडी पाटावर दहा खाचा आणि दहा ठोकळे, चांदणी, वर्तुळ, चौकोन, अर्धवर्तुळ वगैरे. तीनदा बसवायचे आणि सगळ्यात कमी वेळ धरायचा. पहिल्या वेळी त्याने चांदणी तीन ठिकाणी दाबून पाहिली आणि मग ती हातातच धरून ठेवली. दुसऱ्या वेळी त्याने आधी चांदणी घेतली, थेट तिच्या खाचेत बसवली आणि आजीकडे बघितलं. स्टॉपवॉच चालू होतं. चाचणी घेणाऱ्या, विभागातल्या आमच्या मॅडमनी मान वर करून त्याला हसून दाद दिली आणि पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

मग आजींची मुलाखत. व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल, म्हणजे मूल रोजची कामं वयाप्रमाणे करतं का ते विचारणारी चाचणी, नागपूरच्या मालिन यांनी भारतासाठी केलेलं रूप, ८९ बाबी. मॅडमनी विचारलं, "स्वतःच्या हातानं जेवतो का?" आजी म्हणाल्या, "न्हाय, म्याच भरवते." मी माझ्या कागदावर 'नाही' लिहून मोकळी झाले. मॅडम थांबल्या. "आजी, तुम्ही भांगलायला गेल्यावर दुपारी काय करतो?" "तवा व्हय, ताटलीत घेतो आन् खातो की. सांडतो, पर खातो." एका प्रश्नात 'करू शकत नाही' आणि 'करू दिलं जात नाही' यांतला फरक निघाला. त्याच्या दाखल्यावरचा आकडा अशा फरकांवर अवलंबून असतो.

काम संपल्यावर आजी उठल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग ह्याला शाळंत घालू का नको?" बाहेर अजून २६ जण बसले होते. मॅडमनी दोन मिनिटांत जेवढं नीट सांगता येईल तेवढं सांगितलं, विशेष शिक्षकाचा पत्ता दिला, आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. मी बोर्ड आवरून बाहेर आले तर आजी व्हरांड्यात पिशवी आवरत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले, तो पत्ता मोठ्या अक्षरात लिहून दिला, हडपसरला कोणत्या बसने उतरायचं ते सांगितलं. त्या वीस मिनिटं बोलल्या. मुलाच्या आईबद्दल, तिच्या परत न येण्याबद्दल, आपल्यानंतर याचं काय होईल याबद्दल. मी सल्ला काहीच दिला नाही, द्यायचा अधिकारही नव्हता.

त्या रात्री वहीत लिहिलं: चाचणी बघायला मला आवडलं, पण माझं मन व्हरांड्यात होतं.

याच रुग्णालयात माझ्या मराठीबद्दलचं माझं मत बदललं. विभागातले दोन निवासी डॉक्टर परराज्यातले होते, मन लावून काम करणारे, पण मराठी नुकतीच शिकत होते. एक बाई सांगत होत्या, "डोक्यात मुंग्या येत्यात, जीव वर-खाली होतो, काळजात धस्स होतं, कशातच मन लागत न्हाय." डॉक्टरांनी मुंग्यांवरून हाता-पायांचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. मॅडमच्या परवानगीने मी सांगितलं की मुंग्या म्हणजे इथे बधिरपणा नाही, विचारांची गर्दी आहे, आणि धस्स होणं हे अचानक येणारं भय आहे. मग मॅडमनी मला असे शब्द जमवायलाच सांगितले. १२० तासांत ७३ जमले. घालमेल, काहूर, पोटात गोळा येणं, जीव टांगणीला लागणं, डोकं भणभणणं. वहीतला पहिला मान मी पप्पांच्या इंजिनाला दिला. माझ्या चारशे इंग्रजी शब्दांच्या वहीला तोवर मधला रकाना होता, तो या महिन्यांत खऱ्या अर्थाने भरला.

एप्रिलमध्ये एक दिवस चाकणच्या एका कारखान्यात औद्योगिक मानसशास्त्र बघायलाही गेलो. भरती, प्रशिक्षण, शिफ्टचा थकवा, अपघातांची नोंद. काम चांगलं आहे, तिघींपैकी लवकर पगार सुरू होणारी वाट हीच, आणि माझ्या वर्गातल्या सहा जणांना ती अगदी मनासारखी मिळाली. मला ती माझी वाटली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल मी अधिकाराने सांगू शकत नाही.

जून २०२४. स्पेशलायझेशनचा फॉर्म एका पानाचा होता. नाव, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक), पसंतीक्रम एक, दोन, तीन, पालकांची सही. मुदत आठ दिवसांची. मी आधी तीन माणसांशी बोलले. रुग्णालयातल्या मॅडम म्हणाल्या, "तू निदानाकडे ओढली जातेस की निदानानंतरच्या माणसाकडे, ते बघ." आमच्या विभागप्रमुख बाईंनी आरसीआयच्या एम.फिल.ची पात्रता काढून दाखवली: मानसशास्त्रात एम.ए., ५५ टक्के, शक्यतो क्लिनिकलचा विशेष पेपर. 'शक्यतो' या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलने रेघ मारली. म्हणजे समुपदेशन घेतलं म्हणून दार कायमचं बंद होत नव्हतं. हे मला आधी माहीत असतं तर दोन महिन्यांची तगमग वाचली असती, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. तिसरं बोलणं पप्पांशी झालं. त्यांची निवृत्ती जवळ आली होती, आणि एम.फिल.साठी खासगी संस्थांची फी लाखांत जाते हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पैशाचं मी बघतो. तू कुठं बसून राहू शकशील ते बघ." मी पसंतीक्रम एकवर समुपदेशन लिहिलं. फॉर्म दिल्यावर हात गार पडले होते. वर्गातल्या दोघींनी "मार्क कमी पडले का गं?" असं विचारलं तेव्हा फार वाईट वाटलं. माझे मार्क वर्गात पाचव्या नंबरचे होते.

दुसऱ्या वर्षी समुपदेशनाचं क्षेत्रकार्य एका शाळेत होतं, आठवी ते दहावी. तिथे माझ्या हातून एक चूक झाली. नववीतली एक मुलगी तीन आठवडे मधल्या सुट्टीत येऊन नुसती बसायची, माझ्या डब्यातल्या पेन्सिलींना टोक करायची आणि घंटा झाली की जायची. चौथ्या आठवड्यात तिने विचारलं, "मॅडम, मी सांगितलं तर तुम्ही कुणालाच सांगणार नाही ना?" मी पटकन म्हणाले, "नाही गं, कुणालाच नाही." तिने सांगितलं ते परीक्षेच्या भीतीचं होतं, सुदैवाने. पण संध्याकाळी पर्यवेक्षक बाईंना मी हे सांगितल्यावर त्या बराच वेळ गंभीर झाल्या. लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. मुलाच्या जिवाला धोका असेल तरी आपण गप्प राहू शकत नाही. मग 'कुणालाच नाही' हा शब्द मी कशाच्या जोरावर दिला? त्यांनी मला वाक्य घडवून दिलं आणि दहा वेळा म्हणायला लावलं: "तू सांगशील ते तुझ्या-माझ्यात राहील. फक्त तुला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल तर मला मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागेल, आणि ते मी आधी तुला सांगेन." पुढच्या भेटीत मी त्या मुलीला माझं आधीचं बोलणं अपुरं होतं हे सांगितलं आणि हे वाक्य म्हटलं. ती टोक करत राहिली. मग म्हणाली, "बरं." पुढच्या आठवड्यातही आली.

या कामाचं ओझं घरी येतं. ऑक्टोबरमध्ये मला सलग झोप लागेना तेव्हा मी स्वतः समुपदेशकाकडे गेले, विद्यार्थ्यांसाठी एका भेटीचे ३०० रुपये, सहा भेटी. शिकणाऱ्या प्रत्येकीने हा खर्च पुस्तकांच्या खर्चात धरावा. रात्री-अपरात्री बोलायला कोणी हवं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. शाळेत मी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे.

संशोधन प्रकल्पाबद्दल दोनच गोष्टी. विषय चालकांच्या पत्नींना जाणवणारा ताण आणि मिळणारा आधार, नमुना ६०. प्रश्नावलीचे हक्क कोणाकडे आहेत ते आधी बघा. मी निवडलेली पहिली चाचणी विकत घ्यावी लागणार होती, ७,००० रुपये, म्हणून संशोधनासाठी मोफत असलेली शोधण्यात सप्टेंबर गेला. आणि संमतीपत्र सोप्या भाषेत लिहा. माझा पहिला मसुदा वाचून कराडच्या एका काकूंनी विचारलं होतं, "हे कोर्टाचं हाय का?" दुसरा मसुदा आठ ओळींचा केला आणि तो मी स्वतः वाचून दाखवायचे. नैतिक समितीची मंजुरी यायला पाच आठवडे लागले. ते धरून वेळापत्रक करा.

मे २०२५ मध्ये परीक्षा झाली, जुलैत निकाल. त्याच सुमारास एम.फिल.च्या शेवटच्या तुकडीच्या प्रवेशपरीक्षा होत्या. वर्गातल्या नऊ जणांनी दिल्या, दोघांना जागा मिळाली, आणि त्यांच्याइतका आनंद मलाही झाला. मी अर्ज केला नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी रात्री बारापर्यंत पान उघडं ठेवलं होतं, हे खरं आहे.

नोकरीसाठी शाळा, स्वयंसेवी संस्था आणि सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशकांच्या कंत्राटी जागा, असे १४ अर्ज केले. चार मुलाखती झाल्या. सीबीएसई शाळांना समुपदेशक नेमावा लागतो, त्यामुळे तिथे जागा निघतात, पण मला मराठी माध्यमाच्या एका शाळेत मिळालं, महिना १८,००० रुपये, अकरा महिन्यांचा करार. मुलाखतीत त्यांनी विचारलं की पाचवीच्या मुलाला चिंता म्हणजे काय ते कसं समजावाल. मी ७३ शब्दांची वही पुढे केली.

सोमवारपासून सातवी ते नववी माझ्याकडे आहे. खोली जिन्याखालची आहे, दाराला मोठी काच आहे आणि येणारा-जाणारा आत डोकावतो. मुलं अशा खोलीत बोलत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे पडद्यासाठी अर्ज दिला, साडेतीन फूट बाय चार, गडद निळा. मंजूर झाला तर गुरुवारी शिपाईमामा बसवून देतो म्हणालेत.